साडेदहा फुटी, तीन नंबरची निम्फिंग रॉड: निम्फ सोडून आणखी कशाला चालते?

फ्लाय फिशिंग म्हणजे गळावर बांधलेल्या कृत्रिम माशीने मासे धरणं, आणि त्यातला निम्फ म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारखी दिसणारी, बुडणारी माशी. निम्फ वापरण्याच्या युरो निम्फिंग पद्धतीची लांब, हलकी रॉड हातात आली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हिमाचलच्या तीर्थन किंवा काश्मीरच्या लिद्दर नदीवर जाताना ही एकच नेली तर भागेल का? मासा दहा-बारा मीटरच्या आत असेल तर बहुतेक वेळा भागतं. त्यापलीकडे ही रॉड हट्टाने वापरण्यात अर्थ नाही.

कारण तिच्या बांधणीतच आहे. शेंडा मऊ, बुंधा ताठ. मऊ शेंड्यामुळे ०.१२ मिमीचा टिपेटसुद्धा (माशीला बांधलेला शेवटचा, सर्वांत बारीक दोरा) झटक्याने तुटत नाही आणि ताठ बुंध्यामुळे मासा वळवता येतो. पण निम्फिंगमध्ये लाइन, म्हणजे फेकायची जाड दोरी, जवळजवळ रीलवरच राहते, फेकीचं वजन निम्फवरच्या टंगस्टनच्या मण्यात असतं. ड्राय फ्लायला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला, वजन नसतं, तिथे लाइननेच रॉड वाकवायला हवी. लाइनचा नंबर तिच्या वजनावरून ठरतो आणि रॉडचा तिला पेलणाऱ्या लाइनवरून. तीन नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १०० ग्रेन, म्हणजे जेमतेम साडेसहा ग्रॅम. पाच नंबरचं १४० ग्रेन.

म्हणून रॉडच्या आधी लाइनचा विचार करा. स्पर्धेसाठीची ०.५५ मिमी जाडीची, सगळीकडे सारखी असणारी लाइन किंवा नुसत्या तंगुसाचा लांब लीडर (लाइन आणि माशी यांना जोडणारा दोरा) ड्राय फ्लाय उलगडू शकत नाही. सोबत एक जादा स्पूल ठेवा आणि त्यावर तीन नंबरची डबल टेपर (दोन्ही टोकांना निमुळती) लाइन भरा. पुढून जड असलेल्या लाइन टाळा, त्या मऊ शेंड्याला झेपत नाहीत आणि लूप, म्हणजे फेकताना हवेत लाइनला पडणारा वळसा, कोसळतो. रील पूर्ण पिंजऱ्याचं घ्या. उघड्या रीलमध्ये बारीक तंगूस स्पूलच्या मागे घुसतो आणि मग भर प्रवाहात उभं राहून रील खोलत बसावं लागतं. रील फार हलकं नको. लांब रॉड पुढे झुकते आणि तासाभरात मनगट भरून येतं. तोल मुठीच्या पुढच्या टोकाशी आला पाहिजे.

ड्राय आणि खाली निम्फ ही जोडी म्हणजे या रॉडचं दुसरं घरच, आणि निव्वळ त्यासाठी ती घेतली तरी पैसे वसूल. वर १२ नंबरच्या गळावरची (गळाचा नंबर वाढेल तसा आकार लहान) फोमची किंवा हरणाच्या केसांची माशी, तिच्या गळाच्या वाकाला ४५ ते ६० सेंमी तंगूस आणि खाली २.५ मिमी मण्याचा निम्फ. मणी ३.३ मिमीचा केलात तर वरची माशी बुडते आणि दिसेनाशी होते. इथे लाइन बदलायचीही गरज नाही, कारण निम्फचं वजन लांब लीडर ओढून नेतं. दगडांमागच्या खळग्यांत लाइन पाण्यावर टेकूच न देता माशी तरंगवता येते. नऊ फुटी पाच नंबरला हे इतकं सहज जमत नाही.

नुसत्या ड्राय फ्लायला मात्र फेकण्याची ढब बदलावी लागते. लीडर नऊ ते बारा फूट, टिपेट ०.१५ मिमी, माशी १४ ते १८ नंबरची. जोर लावला की शेंडा खाली दबतो, लूपची वरची बाजू खालच्या बाजूला छेदते आणि लीडरला गाठी पडतात. फेक संथ ठेवा, मागची लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबा आणि पुढे रॉड उंचावर रोखा. समोरून वारा आला तर ड्राय फ्लायचा नाद सोडून द्या.

वेट फ्लाय, म्हणजे पाण्याखालून ओढायची माशी, आडव्या प्रवाहातून झुलवत न्यायला ही रॉड फार गोड आहे. ०.१८ मिमी टिपेटवर ५० सेंमी अंतराने दोन माश्या बांधा, रॉड थोडी उंच धरा, लाइनला किंचित झोळ राहू द्या. मासा लागल्यावर झटका देऊ नका, शेंडा वाकतो तसा गळ आपोआप बसतो.

स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशासारखी दिसणारी माशी? लहान असेल तर. दहा नंबरच्या जिग गळावरचा, चार मिमीपर्यंतच्या मण्याचा स्ट्रीमर अंडाकृती हालचालीने लांबवर सोडता येतो. नेहमीसारखा डोक्यावरून फेकलात आणि मणी ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या दांड्यावर, आपटला तर तिथे बारीक तडा जातो आणि पुढच्या मोठ्या माशाला रॉड तिथेच तुटते. गळ बसवताना रॉड उचलू नका, हाताने लाइन ओढा. मोठ्या, केसाळ स्ट्रीमरला आणि महसीरला ही रॉड वापरूच नये. शेंडा सगळा जोर गिळतो, गळ बसत नाही, आणि दमवून दमवून आणलेला मासा सोडल्यावर जगेलच असं नाही.

तलावात, वाऱ्यावर वाहणाऱ्या होडीतून वरची माशी पाण्यावर नाचवायला लांबी उत्तम, पण तीन नंबर तोकडा. तिथे दहा फुटी सहा नंबर घ्या.

लांब रॉडचे जोड फेकता फेकता सैल होतात. दर अर्ध्या तासाने प्रत्येक जोड पिळून पाहा, सैल जोडातच रॉड फुटते. मासा जवळ आल्यावर रॉड सरळ उभी धरू नका, आडवी करून बुंध्याचा जोर द्या. झाडीतून चालताना शेंडा मागे ठेवा. चार तुकड्यांची असली तरी प्रत्येक तुकडा ऐंशी सेंमीच्या वर भरतो, त्यामुळे विमानातल्या केबिन बॅगेत ती मावत नाही, कडक नळकांडं वेगळं न्यावं लागतं.