एमसीए, दोन वर्षं: मॅडमना पाच तारे, लॅबला दोन

बी.कॉम. करून चार वर्षं टॅलीत काढली, मग एमसीएला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मास्टर्सला आले. बारावीला गणित होतं म्हणून निभावलं. वर कॉम्प्युटर न शिकलेल्यांसाठीचा ब्रिज कोर्स करावा लागला तो वेगळाच. २०२०-२१ पासून कोर्स तीनऐवजी दोन वर्षांचा झालाय, त्यामुळे दमछाक होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, मार्कशीट अजून हातात यायचीय!

डीबीएमएसच्या (डेटाबेस हा विषय) मॅडम मात्र लाखात एक. संगणकशास्त्रज्ञ कॉडचं १९७० चं रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडायची पद्धत, शिकवायला त्या चक्क वाण्याची उधारीची वही घेऊन आल्या. प्रत्येक ओळीत गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, माल. एका काकूंनी घर बदललं, वाण्याने त्यांच्या एकाच ओळीतला पत्ता खोडून नवा लिहिला. आता खरा कुठला? मग फळ्यावर दोन तक्ते केले, गिऱ्हाईक वेगळं, उधारी वेगळी. नॉर्मलायझेशन, म्हणजे एक माहिती एकाच जागी ठेवणं, तिथेच डोक्यात बसलं.

लॅबचं विचारूच नका. तिघींत एक पीसी, आणि प्रोग्राम चालो न चालो, जर्नल हाताने लिहायचं, सेमिकोलनसकट. एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, ते उघडलंही नाही. थेट प्रायमरी कीवर आले, म्हणजे तक्त्यातली प्रत्येक ओळ ज्यावरून ओळखायची तो रकाना. विचारलं, "प्रायमरी की रिकामी चालेल?"

"नाही सर, मग उधारी कुणाच्या नावावर मांडणार?"

हसले.