बँडसाठी बेस अँप: शंभर वॅट, पाचशे वॅट की नुसता डीआय?

बेस गिटारसाठी शंभर वॅटचा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत), पाचशेचा कॉम्बो, वेगळे हेड-कॅबिनेट (हेड म्हणजे नुसता अँप, कॅबिनेट म्हणजे स्पीकरची पेटी), की अँपच न घेता डीआय (बेसचा सिग्नल मिक्सरला देणारी छोटी पेटी) लावून थेट मिक्सरला, या चारांत निवड करायची असेल तर आधी वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी काढा. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंद सभागृहात साऊंडवाला असतोच. तिथे बेस प्रेक्षकांपर्यंत पीए (प्रेक्षकांसाठीची साऊंड सिस्टीम) नेतो; अँपने तुम्हाला आणि ड्रमरला स्वर ऐकवला की झाले. गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या होम मैदानासारख्या उघड्या जागेत भिंतींचा आधार नसल्याने खालचे स्वर विरून जातात, त्यामुळे तिथे अँपच्या जोरावर प्रेक्षक गाठायचा विचारच नको. अडचण मधल्या कार्यक्रमांची आहे. मंगल कार्यालयातला ऑर्केस्ट्रा, सोसायटीचा गणपती, कॉलेजचे गॅदरिंग अशा ठिकाणी पीए म्हणजे स्टँडवरचे दोन स्पीकर, म्हणजे ‘टॉप’. त्यात गायक, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आधीच कोंबलेले असतात. अँपची ताकद ठरवायची ती या कार्यक्रमांसाठी.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. १०० वरून ५०० वॅटवर गेलात तर ७ डेसिबल मिळतात, म्हणजे कानाला दीडपटीहून थोडे जास्त. उलट १ वॅटला १ मीटरवर ९४ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी १०० डेसिबलचा घेतला, तर तोच फरक चौपट वॅटएवढा पडतो. म्हणून कॅटलॉगात वॅटबरोबर हा डेसिबलचा आकडा, म्हणजे सेन्सिटिव्हिटीही बघा. वॅटचा आकडा आरएमएसचाच (सलग मिळणाऱ्या ताकदीचा) धरा. ‘पीक’ त्याच्या दुप्पट ते चौपट छापलेला असतो आणि पीएमपीओ या फुगवलेल्या आकड्याला तर काही अर्थच नाही.

आता पहिला पर्याय, १०० वॅट आणि १२ इंची स्पीकरचा कॉम्बो. फेंडर रंबल १०० हा या वर्गातला ओळखीचा नमुना, वजन सुमारे १० किलो, स्कूटरवर पायांत ठेवून नेता येतो. तालमीला आणि पीए असलेल्या सभागृहाला पुरतो. खऱ्या ड्रमसेटसमोर मात्र दुसऱ्या गाण्यापर्यंत आवाज फाटू लागतो, आणि बहुतेक वेळा त्याला बेसचा नॉबच कारण असतो. ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा. खालच्या पट्टीत ६ डेसिबल वाढवले की तिथे चौपट ताकद मागितली जाते, जी या अँपकडे नाही. बेस मधोमध ठेवून २५० ते ८०० हर्ट्झचा मिड थोडा वर करा. ढोलकीचा धुम आणि ऑक्टोपॅडची किक खाली गर्दी करून असतात, त्यामुळे बेस उठून ऐकू येतो तो मिडमधूनच. पाच तारांचा बेस असेल तर हा वर्ग सोडाच. बी तार ३१ हर्ट्झपर्यंत उतरते.

दुसरा पर्याय, दोन १० इंची स्पीकरचा मोठा कॉम्बो. रंबल ५०० वर ५०० लिहिलेले आहे, पण आतल्या स्पीकरचा रोध (भार) ८ ओहमचा असल्याने एकट्याने तो ३५० वॅट देतो. पूर्ण ५०० मिळतात ते बाहेरून आणखी एक ८ ओहमचा कॅबिनेट जोडून भार ४ ओहमवर आणला की. या जोडणीत ताकदीचे दीड डेसिबल आणि स्पीकरचे क्षेत्र दुप्पट झाल्याचे सुमारे ३, असे साडेचार डेसिबल वाढतात. वजन साडेसोळा किलोच्या आसपास. मंगल कार्यालयाच्या वर्गासाठी आमची पसंती यालाच.

तिसरा, क्लास डी (वजनाला हलक्या प्रकारचे) हेड आणि वेगळा कॅबिनेट. ३०० ते ५०० वॅटचे हेड दोन-तीन किलोंत मिळते, पिशवीत घालून हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला नेता येते आणि तिथला कॅबिनेट वापरता येतो. बाहेरगावी वाजवणाऱ्याला हाच पर्याय बरा. कॅबिनेट घेताना ८ ओहमचाच घ्या, म्हणजे पुढे दुसरा जोडता येईल. ४ ओहमचे दोन जोडलेत तर भार २ ओहम होतो, आणि ४ ओहमची मर्यादा असलेले हेड गरम होऊन कार्यक्रमातच बंद पडते. हेडपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची केबल कधीच लावू नका, ती आतून बारीक असते. दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची स्पीकर वायर आणि शक्यतो स्पीकॉन कनेक्टर वापरा. जुन्या पद्धतीच्या पीए अँपवरच्या १०० व्होल्ट लाइनला बेसचा कॅबिनेट जोडणे तर कटाक्षाने टाळा.

(अँपेगचे १९६९ सालचे एसव्हीटी, म्हणजे ३०० वॅटचे व्हॉल्व्ह हेड आणि आठ स्पीकरचे उभे कपाट, फोटोत देखणे दिसते. तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलला ते कोण चढवणार, हे आधी ठरवा.)

चौथा, प्रीअँप-डीआय. पीए चांगला असेल तर सर्वांत स्वस्त आणि हलका. पण मॉनिटर मिळाला नाही तर स्वतःचे काहीच ऐकू येत नाही, आणि इथल्या छोट्या कार्यक्रमांत मॉनिटर बहुधा एकच असतो, तोही गायकासमोर. म्हणून वरच्या तीनपैकी जो घ्याल त्याला एक्सएलआर (माइकच्या केबलचे) डीआय आउट आणि ग्राउंड लिफ्टचे (त्या सिग्नलचे ग्राउंड तोडणारे) बटण असायलाच हवे. हम (सततची गुणगुण) आला तर लिफ्ट दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा उद्योग जिवावर बेतू शकतो.

वीज हा आपल्याकडचा वेगळा विषय. मांडवात थ्री फेजवरून जोडणी असते आणि न्यूट्रल सैल झाला तर बोर्डावर २३० ऐवजी ३०० च्या वर व्होल्ट जाऊ शकतात. लाइट आणि साऊंड सगळे चालू असताना बोर्ड मल्टिमीटरने मोजा, मगच प्लग घाला. परदेशातून आणलेला अँप असेल तर मागच्या पट्टीवर फक्त १२० व्होल्ट लिहिलेले नाही ना, ते वाचा. एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार तापमानात क्लास डी हेड उन्हात ठेवले तर थर्मल कटऑफ होतो, म्हणजे ते गरम होऊन आपोआप बंद पडते. सावलीत ठेवा आणि झरोक्यांमागे वीतभर जागा सोडा. फळ्यांचा स्टेज पोकळ असल्याने घुमतो, तिथे अँप प्लॅस्टिकच्या क्रेटवर चढवा. एवढ्याने गोंगाट बराच कमी होतो.

घेण्याआधी स्वतःचा बेस आणि शक्य झाल्यास ड्रमर घेऊन जा. अँपला चिकटून न ऐकता चार-पाच मीटर मागे उभे राहा, ई तार जोरात वाजवा आणि कोन फडफडतो का ते पाहा. जुना अँप असेल तर स्पीकर वायर काढून स्पीकरचा रोध मोजा. ८ ओहमचा एक स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. आकडाच आला नाही तर कॉइल जळाली आहे. मग कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा हलकेच दाबा. खरखर लागली तर कॉइल घासते आहे, आणि नवा स्पीकर बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच घासाघीस करा.