सात महिने, एक कादंबरी आणि ४७९ रुपये

या कादंबरीचं कथानक आधी थोडक्यात. आई दोन लेकरांना टाकून जाते, बाप दारूत, सात वर्षांची पोर धाकट्याला सांभाळते, पुढे आई परत येते. गोष्ट पुण्याकडची. जानेवारीत ३९९ रुपयांना ऑनलाइन मागवली. फेब्रुवारीत संपवली तेव्हा मत साफ होतं: रडवायला लिहिलंय, आई बिनकामाची, तीन तारे.

आम्ही अमळनेरचे. साने गुरुजी इथल्याच प्रताप हायस्कूलात शिकवायचे. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यामुळे पुस्तकातली आई आमच्याकडे त्याच मापानं मोजली जाते आणि त्या मापाला ही बाई कुठली पुरणार?

आता मुख्य तक्रार. बांधणी! मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, रात्री गच्चीवर खाटेवर दुसऱ्यांदा वाचायला घेतली, तर पान १९३ ते २२४ सगळीच्या सगळी हातात. शिलाई नाहीच, नुसती खळ लावलेली, तीही उन्हानं सुटलेली. वारा होता. दोन पानं शेजाऱ्यांच्या टाकीमागून काढली. माझी शाळेतली ‘श्यामची आई’ जुजबंदीची, म्हणजे दोऱ्यानं शिवलेली आहे, तीन पोरांच्या हातून गेली तरी एक पान हललेलं नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर: परत करण्याची मुदत सात दिवस. अहो, उन्हाळा जानेवारीत आणू का? तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’. मी आरडाओरडा करतोय, तर माझी आई अहिराणीत म्हणे, “पोर भुकी शे अन् तू पानं मोजी राहिना!” तिला मी रोज थोडी थोडी वाचून दाखवायचो ना.

तर पानं कशीबशी खोचली आणि पुढं वाचू लागलो. चुकीची खोचली होती, २०९ नंतरची आधी. म्हणजे आई परत येते ते प्रकरण आधी आलं. ती शाळेच्या फाटकाशी दोन खणांचा डबा घेऊन उभी. पोर म्हणते, “मी जेवलेय,” आणि आत जाते. मला वाटलं, राग आहे, बरोबरच आहे. मग मागची पानं आली. त्यात शेजारची काकू रोज विचारते आणि ही रोज तेच म्हणते, “मी जेवलेय.” घरात पिठाचा डबा उपडा घालून ठेवलेला, धाकट्याला रिकामा दिसू नये म्हणून. फाटकाशी तिनं आईला झिडकारलं नव्हतं, सवयीचं वाक्य तोंडातून गेलं होतं. आणि आई ते ओळखते, म्हणून दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा येते. आधी सरळ क्रमानं वाचलं तेव्हा हे सगळं माझ्या हातून निसटलं होतं. तीनाचे चार तारे केले.

पाचवा देणार नाही, कारण बांधणी. आणि एक चूकही आहे. शेजारीण १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावते इथवर ठीक, पण पोरं पाच दिवस पोलीस ठाण्यात बसवून मग न्यायाधीशापुढे नेली आहेत. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, त्यातून फक्त प्रवासाचा वेळ वगळतात. माझी ताई अंगणवाडी सेविका आहे, तिनं तिथंच पेन्सिलीनं फुली मारली.

शेवटी बाजारातल्या बाइंडरकडे दिलं. शाळेची रजिस्टरं शिवणारा माणूस, दाभणानं टाके घातले, पुठ्ठा चढवला, ८० रुपये घेतले. पानं क्रमानं लावून दिली. फक्त टाका इतका आत आलाय की डाव्या पानांवर प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर शिलाईत जातं. फाटकाशी पोर आता “मी जेवले” एवढंच म्हणते.

एकूण ४७९ झाले. पुस्तक ताईकडे आहे. मागितलं की म्हणते, चालू आहे.