मुंजीचं पॅकेज घेताय? आधी गुरुजी बघा, डेकोरेशन नंतर

भाच्याची मुंज झाली ठाण्यात नौपाड्याला, हॉल, जेवण, गुरुजी सगळं एकाच पॅकेजमध्ये. तक्रारीपण आहेत म्हणून नाव लिहीत नाही.

हॉल ठीकठाक. मसालेभात मस्त पण मठ्ठा दुसऱ्या पंगतीलाच संपला. सामानाची यादी आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअपवर आली, मग पळसाच्या दंडासाठी भावोजी जांभळी नाक्यावर पळाले. आणि बटूला धुराच्या मशीनमधून एन्ट्री! कोणाला सुचतं हे?

पण गुरुजी, मानलं बुवा. वयाने तरुण, आवाज खणखणीत आणि प्रत्येक विधीला थांबून दोन वाक्यात सांगणार काय चाललंय ते. मातृभोजनाला म्हणाले, पूर्वी यानंतर पोरगं गुरूच्या घरी जायचं, भिक्षा मागायची, गुरूची सेवा करायची आणि शिकायचं, ब्रह्मचर्य म्हणजे नुसतं लग्न न करणं नव्हे. मनुस्मृतीत त्याला 36 वर्षं सांगितलीत, नाहीतर निम्मी, नाहीतर पाव, नाहीतर वेद शिकून होईपर्यंत. आमच्याकडे सोडमुंज, म्हणजे ब्रह्मचर्य संपवायचा विधी, लग्नाच्या वेळी उरकतात, म्हणजे हा तोपर्यंत ब्रह्मचारीच, आणि कमरेची मौंजी तशीच असताना मोबाईल मागत होता.

मग गुरुजी भावोजींकडे वळले. गृहस्थाला रोजचे पंचमहायज्ञ, म्हणजे स्वाध्याय, देव, पितर, पशुपक्षी आणि दारात आलेला पाहुणा, शिवाय बाकी तिन्ही आश्रमांचं पोट याच्याच जीवावर. भावोजी म्हणे, वर होमलोन. आमच्या आजोबांनी वानप्रस्थाचं विचारलं, तर केस पिकले, कातडीला सुरकुत्या पडल्या, नातवंडाचं तोंड बघितलं की वनात जायचं असं मनूने लिहिलंय. आजोबा म्हणाले, मग मी काय येऊरच्या जंगलात जाऊ? "आजोबा, तिथे बिबटे आहेत, तुम्ही सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडा, तेवढं पुरे." अख्खा हॉल हसला, आजोबा सोडून.

माझ्या लेकीने विचारलं हे चारही आश्रम ओळीनेच करायचे का, तर म्हणाले जाबालोपनिषदात वैराग्य येईल त्या दिवशी संन्यास घ्या असंपण आहे, पण घरच्यांना सोडून गेलेल्या विठ्ठलपंतांना गुरूंनीच परत संसारात पाठवलं, आणि संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावांना मुंज नाकारली. मुंजीच्या मांडवात हे ऐकताना कसंतरीच झालं खरं सांगते.

फोटोग्राफरने मात्र वात आणला, भिक्षावळ थांबवून त्याच मावशीकडून परत तांदूळ घालून घेतले, गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर. दक्षिणा ठरली तेवढीच घेतली, वर काही मागितलं नाही.

हॉलला दोन स्टार, गुरुजींना पाच. पॅकेजवाले गुरुजी ऐनवेळी बदलतात असं ऐकलंय, तेव्हा बुकिंग करतानाच तरुण गुरुजीच हवेत असं लिहून घ्या, आणि धुराचं मशीन कॅन्सल करून तेवढे पैसे कमी करायला सांगा.