रबर सोडलं, दोरा धरला : बारीक वेण्यांचे आठ महिने

एप्रिलमध्ये लेकीच्या डोक्यावरून शेवटचं रबर कात्रीनं कापून काढलं. आता डिसेंबर चालू आहे. मधल्या काळात बारीक वेण्यांची टोकं रबराशिवाय धरून ठेवायचे जेवढे प्रकार सुचले तेवढे करून पाहिले. काही दुसऱ्या दिवशीच सोडले, एक टिकला. त्याबद्दल लिहिते.

आधी बारीक वेण्या का, ते सांगते. आम्ही धाराशिवचे. इथं पोरीनं खो-खो खेळायचं म्हटलं की घरातलं कुणी नाही म्हणत नाही. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळालेल्या सारिका काळे इथल्याच. माझी लेक दहा वर्षांची, रोज संध्याकाळी सरावाला जाते. खो देताना बसलेल्या पोरीच्या पाठीला हात लावावा लागतो. पाठीवर शेपटा लोंबत असला की हात केसांवरच पडतो, आणि मग रात्री जेवताना रडारड. म्हणून डोक्याला धरून सहा बारीक वेण्या घालायच्या आणि मानेमागं सगळ्या एकत्र बांधायच्या. शाळेच्या दिवशी त्याच तीन-तीन करून वर लाल रिबीन. एकदा घातल्या की तीन-चार दिवस बघायला नको.

अडचण टोकांची. केस दाट आहेत, पण गुळगुळीत. बोट सोडलं की वेणी खालून उलगडत वर येते.

पहिलं वर्ष ती चिमुकली रंगीत रबरं वापरली. आमच्याकडं केसांना तेल लागतंच, आणि रबराचं तेलाशी जमत नाही. तेल पिऊन ते फुगतं, मऊ पडतं, चिकट होतं. त्यात एप्रिल-मेचं ऊन. पारा बेचाळीसच्या वर गेला की दोन दिवसांत रबर केसांना असं चिकटायचं की काढताना पाच-सहा केस घेऊनच यायचं. सहा वेण्या गुणिले पाच-सहा केस, आठवड्यातून दोनदा. हिशोब केला तेव्हा पोटात गोळा आला. टोकांपाशी केस सगळे खालीवर तुटलेले, एक बट दुसरीला जुळेना.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे सगळं बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "कशाला ते रबर लावायलीस? आमच्या टायमाला कुठं होतं रबर? आगवळ होती." आणि ट्रंकेतून त्यांची आगवळ काढून दाखवली. काळ्या दोऱ्यांची, खाली गोंडे. जड शेपट्याला ती शोभते. करंगळीएवढ्या वेणीला लावली तर मांजराच्या शेपटीला घंटा बांधल्यासारखी दिसली. लेक आरशासमोर जाईना.

मग माझे प्रयोग सुरू झाले. वेणीतलीच एक पातळ बट घेऊन टोकाला गुंडाळायची आणि आत खोचायची, हा मोबाईलवर बघितलेला प्रकार मधल्या सुट्टीपर्यंत टिकला. टोक उलटं विंचरून गुंता करून ठेवायचा, हे माझ्या बहिणीच्या कुरळ्या केसांवर मस्त चालतं. आमच्याकडं चाललं नाही, वर तो गुंता सोडवताना केस तुटले ते वेगळेच. मणी ओवले तर पळताना गालावर फटफट लागायचे. छोटे चाप मैदानावर पडले, कुणाच्या पायाखाली फुटले, आणि सरांनी बंद करायला लावले. बरोबरच होतं त्यांचं.

जवसाच्या जेलवर थोडं जास्त लिहायला हवं, कारण त्याची फार स्तुती ऐकली होती. दोन चमचे जवस, दोन कप पाणी, सात-आठ मिनिटं उकळायचं आणि गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळायचं; गार झालं की ते फडक्यातून खाली येत नाही. चटणीचं जवस नेलं म्हणून आत्याबाईंची बोलणी खाल्ली. जेल टोकांना लावून पीळ दिला की वाळल्यावर टोक कडक बसतं. थंडीत, घरात बसलेल्या पोरीला एक दिवस पुरतं. घाम आला की मऊ, वाळलं की पांढरा भुगा, कोंडा झाल्यासारखा. आणि फ्रिजमध्येही आठवड्याच्या वर ठेवू नये, वास येतो. भांगाजवळचे उडणारे केस बसवायला मी अजूनही बोटभर लावते, पण टोक धरायचं काम त्याचं नाही.

दोऱ्याकडं वळले ते जूनमध्ये, आणि तिथंही आधी आपटले. शिलाई मशीनचा पॉलिस्टरचा दोरा बारीक आणि निसरडा. घट्ट बांधला तर केसांत रुततो, सैल बांधला तर घसरतो. लोकर छान धरते, पण घाम पिऊन बसते आणि केसांत तंतू सोडते. तुळजापूरहून आणलेला लाल नाडा घरात होता, तो बांधून पाठवलं तर पांढऱ्या टी-शर्टच्या पाठीवर लाल ओघळ. बाकीच्या पोरी घाबरल्या, रक्त आलं म्हणून. त्याच फेरीत लेकीला टोकांना कवड्या बांधायच्या होत्या. आत्याबाई म्हणाल्या, "कवडी भवानीआईच्या माळेतली, वेणीला नको." विषय संपला.

जमला तो क्रोशाचा सुती दोरा. मध्यम जाडीचा, काळा, रंग न जाणारा. आणल्यावर आधी गरम पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर घासून बघायचा.

पण दोरा नुसता टोकाला बांधून उपयोग नाही, हे कळायला महिना गेला. गुळगुळीत केसांवरून गाठ अख्खी खाली सरकून येते. रबर आवळून धरतं, दोऱ्याला ते येत नाही. त्याला वेणीतच गोवायला लागतं. आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणाऱ्या लमाण मावशींच्या गालाजवळ घुगरी-टोपली, म्हणजे त्यांचा केसांतला दागिना, लोंबते, चांगली वजनदार. ती केसांतच गुंतवून घेतलेली असते, वर नुसती अडकवलेली नसते. ते बघून डोक्यात उजेड पडला. आता वेणी चार बोटं उरली की हातभर दोरा मधोमध दुमडून आत घालते, त्याची दोन टोकं दोन पेडांना जोडते आणि तशीच खालपर्यंत गुंफते.

शेवट कसा करायचा ते मामंजींनी शिकवलं. ते ओट्यावर बैलाच्या कासऱ्याचं टोक उसवू नये म्हणून दोरीनं गुंडाळत बसले होते. मला म्हणाले, "वेणी काय आन् कासरा काय, पेडं तीनच की." दोऱ्याचं एक टोक खाली नेऊन परत वर दुमडायचं, म्हणजे वेणीच्या शेवटाशी फास राहतो. दुसऱ्या टोकानं वेणी आणि ती घडी मिळून वरून खाली आठ वेढे द्यायचे, एकाला एक लागून. मग हे टोक फासातून ओवायचं आणि वर राहिलेलं आखूड टोक ओढायचं. फास वेढ्यांत शिरतो आणि सगळं जागच्या जागी आवळतं.

यात मी एकच बदल केला. कासरा परत सोडायचा नसतो, वेणी सोडायची असते. म्हणून टोक सरळ ओवत नाही, दुमडून ओवते, सुरगाठीसारखं. सोडताना लोंबतं शेपूट ओढलं की वेढे मोकळे. हे आधी सुचलं नव्हतं तेव्हा साधी निरगाठ मारायचे. सुती दोरा भिजला की फुगतो आणि गाठ दगडासारखी होते. न्हाणीच्या दिवशी सुईनं उकलत बसायचे.

वेळ लागतो, हे खरं. पहिल्या आठवड्यात सहा वेण्यांना पाऊण तास लागला आणि लेक अर्ध्यात उठून गेली. आता वीस मिनिटं. रबराला दहा लागायची. सकाळी सातची शाळा असेल तर हे रविवारी-बुधवारी रात्रीच उरकायचं. चौथ्या दिवशी एखादं टोक सैल पडतं, बहुतेक उजव्या कानामागचं, कारण ती त्याच कुशीवर झोपते. आमच्या बोअरच्या जड पाण्यानं दोरा दोन-तीन धुण्यांत कडक होतो, मग टाकून नवा घ्यायचा. एक गुंडी मला दीड-दोन महिने पुरते.

केसांत फरक पडला का? टोकांशी पडला. सोडताना हातात येणारे केस जवळजवळ थांबले. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, तेव्हा आठ महिन्यांत जेवढं व्हायचं तेवढंच झालं. पण आता टोकं एका रेषेत येतात. कपाळाजवळ मात्र दोऱ्यानं काही केलं नाही. तिथले केस विरळ व्हायला लागले होते ते मी मुळाशी फार ओढून घालायचे म्हणून. सतत ताण बसला की तिथले केस गळत जातात, टोकाला रबर असो की रेशीम. ऑगस्टपासून मुळाशी वेणीचे पहिले दोन वेढे सैल घालते आणि शनिवारी रात्री केस मोकळे ठेवते. तेव्हापासून तिथं बारीक लव दिसते.

राहिले मानेवरचे आखूड केस. बोटभर लांबीचे, वेणीत येत नाहीत, दोऱ्यात येत नाहीत. त्यांना सध्या दोन टिकटिक पिना लावते, आणि लेक रोज त्यातली एक मैदानावर टाकून घरी येते.