न बदललेल्या कॉइलचे पैसे: मोटरसायकलला जादा लाइट बसवताना झालेली फसवणूक

मोटरसायकलला बाहेरून आणलेले लाइट बसवून घेतल्यानंतर थोड्याच दिवसांत बॅटरी उतरू लागली, तर दोष बॅटरीत, रेक्टिफायरमध्ये (कॉइलची वीज बॅटरीपर्यंत पोहोचवणारा भाग) किंवा मॅग्नेटच्या कॉइलमध्ये (इंजिनातील वीज निर्माण करणारा भाग) असण्यापेक्षा त्या नव्या जोडणीतच असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते, आणि ही गोष्ट लाइट बसवणाऱ्याला गिऱ्हाइकापेक्षा चांगली ठाऊक असते. तरीही साताऱ्यातील एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाने मला याच तीन वस्तूंचे पैसे एकामागून एक लावले, आणि त्यांतील तिसरी वस्तू तर गाडीला बसवलीच नाही. पावसाळ्याच्या तोंडावर अनेक जण फॉगलाइट बसवून घेतात. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

कामानिमित्त मला पावसाळ्यातही रात्रीच्या वेळी मेढा मार्गे केळघर घाट चढून महाबळेश्वरला जावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये या घाटात धुके इतके उतरते की हेडलाइटचा उजेड समोरच्या पांढऱ्या पडद्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो आणि रस्त्याची कड दिसेनाशी होते. अशा वेळी खाली बसवलेले, रुंद आणि आखूड झोताचे पिवळे लाइट खरोखरच उपयोगी पडतात. माझ्या ३५० सीसीच्या गाडीच्या लेगगार्डवर तशी एक जोडी मी या दुकानातून बसवून घेतली. खोक्यावर प्रत्येकी ६० वॅट असे छापलेले होते. फिटिंगमध्ये रिले (लाइटचा भार स्विचवर न येऊ देता तो स्वतः चालू-बंद करणारी डबी), वायरिंग आणि हँडलवरचा स्विच धरलेला होता, आणि 'गाडीच्या मूळ वायरिंगला हात लावणार नाही' असे मला स्पष्ट शब्दांत सांगण्यात आले होते.

पहिले काही दिवस लाइट उत्तम चालले. पुढे मात्र गाडी एक-दोन दिवस उभी राहिली की सेल्फ मारताच नुसता टकटक आवाज येऊ लागला, मीटरमधील घड्याळ पुन्हा बारावर जाऊ लागले आणि इंडिकेटर मध्येच मंद, मध्येच जलद लुकलुकू लागले. गाडीला किक नसल्यामुळे ती ढकलत उतारापर्यंत न्यावी लागे. मी दुकानात गेलो, तेव्हा मीटर न लावता, नुसता हॉर्न वाजवून पाहून 'बॅटरी गेली' असे निदान झाले. नवी बॅटरी बसवली आणि जुनी बदल्यात ठेवून घेतली. पूर्ण चार्ज असलेली नवी बॅटरी कोणताही दोष दोन-चार दिवस झाकून ठेवते, त्यामुळे मलाही निदान बरोबर असल्यासारखे वाटले. त्यानंतर पुन्हा तेच घडले, तेव्हा 'रेक्टिफायर चार्जिंग देत नाही' म्हणून तो बदलला. त्यावर कोणत्याही कंपनीचे चिन्ह नव्हते, आणि काढलेला मूळ रेक्टिफायर मागितला तर तो 'भंगारात गेला' असे उत्तर मिळाले.

तिसऱ्या वेळी सांगण्यात आलेले कारण ऐकायला सर्वांत पटण्याजोगे होते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत कायम पेटलेलाच राहतो, तो भार चार्जिंगवर आधीच असतो, त्यात तुम्ही १२० वॅटचे लाइट लावले, त्यामुळे मॅग्नेटच्या कॉइलला भार झेपेना आणि ती जळाली, असे मला समजावण्यात आले. गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी एक काळी पडलेली, वार्निश जळाल्याचा वास येणारी कॉइल माझ्या हातात देऊन 'ही बघा, तुमच्या गाडीची' असे सांगितले. कॉइल आणि मजुरी मिळून साडेतीन हजारांच्या आसपास रक्कम घेतली, आणि बिल मागितल्यावर जीएसटी क्रमांक नसलेल्या चिठ्ठीवर 'वायरिंग काम' एवढेच लिहून दिले.

बॅटरी पुन्हा उतरली, तेव्हा मात्र मी गाडी त्या दुकानात नेली नाही. चारचाकी आणि ट्रॅक्टरचे वायरिंग करणाऱ्या एका वयस्कर इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी ज्या क्रमाने तपास केला, तो क्रम प्रत्येक गाडीमालकाने नीट समजून घ्यावा, कारण त्यात लागलेले एकमेव साधन म्हणजे काहीशे रुपयांना मिळणारा मल्टिमीटर होता.

आधी बॅटरी बाहेर काढून पूर्ण चार्ज केली आणि काही तास तशीच ठेवून मोजली. मीटरने १२.७ व्होल्ट दाखवले, म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. नंतर ती गाडीला लावून इंजिन चालू केले आणि बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर मीटर धरून रेस वाढवली, तेव्हा आकडा १४.२ वर जाऊन स्थिर राहिला. हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आला की कॉइल वीज निर्माण करते आहे आणि रेक्टिफायर ती बॅटरीपर्यंत पोहोचवतो आहे, असा अर्थ होतो. हे मोजमाप करायला पाच मिनिटेही लागत नाहीत. दुकानाने ते एकदाही माझ्यासमोर केले नव्हते.

यानंतर त्यांनी चावी बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवले आणि त्या टर्मिनलच्या व सुटलेल्या वायरच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावला. या स्थितीत चावी चालू करायची नाही आणि सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो, हे त्यांनी मला आधीच बजावले. बंद उभ्या गाडीने काही मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज ओढता कामा नये. माझी गाडी ०.१६ अँपिअर ओढत होती. हा आकडा किरकोळ वाटतो, परंतु २४ तासांत त्याचे जवळजवळ चार अँपिअर-तास होतात, आणि माझ्या बॅटरीची सगळी क्षमता आठ अँपिअर-तासांची. एका दिवसात निम्मी बॅटरी रिकामी झाल्यावर सेल्फला पुरेशी ताकद कुठून मिळणार? बॅटरी कितीही नवी आणली असती तरी ती दोन दिवसांत बसलीच असती.

गळती शोधण्यासाठी त्यांनी फ्यूजबॉक्समधील एकेक फ्यूज काढून पाहिला, तरी आकडा हलला नाही. याचा अर्थ वीज फ्यूजबॉक्सला वळसा घालून दुसऱ्याच वाटेने जात होती. मग त्यांनी सीटखाली हात घालून फॉगलाइटचा रिले चाचपला आणि मला म्हणाले, "साहेब, गाडी रात्रभर बंद होती ना? मग हे कोमट कसं?" मी हात लावून पाहिला. पावसाळ्यातील सकाळी सगळी गाडी गार असताना ती काळी डबी खरोखरच कोमट लागत होती. रिले उपसताच मीटर जवळपास शून्यावर आला.

रिलेला ३०, ८५, ८६ आणि ८७ असे क्रमांक छापलेल्या चार पिना असतात. ८५ आणि ८६ या आतल्या बारीक कॉइलच्या दोन बाजू. त्यांत वीज गेली की ३० आणि ८७ आतून जुळतात आणि लाइट पेटतात. योग्य जोडणीत बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेली वायर आधी फ्यूजमधून जाऊन ३० ला येते, ८७ लाइटला जाते, ८५ ला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) मिळते, आणि ८६ ला चावी चालू केल्यावरच वीज येणारी वायर हँडलवरील स्विचमधून येते. माझ्या गाडीत ८६ थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेली होती आणि हँडलचा स्विच ८७ नंतर, लाइटच्या वायरवर टाकलेला होता. त्यामुळे रिले दिवसरात्र ओढलेला राहत होता, बॅटरी संपवत होता आणि लाइटचा सगळा भार हँडलच्या नाजूक स्विचवरून जात होता. ज्या कामासाठी रिले बसवतात, ते एकही काम तो करत नव्हता.

इंडिकेटरच्या तक्रारीचे मूळही तिथेच सापडले. लाइटची अर्थिंग चासीवर स्वतंत्र न देता इंडिकेटरच्या अर्थच्या वायरवर मारलेली होती. मूळ वायर मधेच सोलून, नुसती पिळून, तिच्यावर काळी टेप गुंडाळली होती. टेप उलगडली तेव्हा आत पाणी होते आणि तांब्याच्या तारा हिरव्या पडून हाताला भुसभुशीत लागत होत्या. मूळ वायरिंगला हात न लावण्याच्या आश्वासनाची ही अवस्था. हार्नेस, म्हणजे मूळ वायरींचा जुडगा, कापलेला दिसल्यामुळे अधिकृत सर्व्हिस सेंटरनेही वायरिंगची वॉरंटी नाकारली आहे.

मग त्यांनी लाइट पेटवून ते किती वीज ओढतात तेही मोजले. दोन्ही मिळून २.८ अँपिअर, म्हणजे साधारण ३६ वॅट, एकेक लाइट १८ वॅटचा. खोक्यावरचे ६० वॅट खरे असते तर जोडीने दहा अँपिअरच्या आसपास ओढायला हवे होते, आणि बसवलेली बारीक वायर तेवढ्या भाराने तापली असती. खोटा आकडा छापून आधी लाइट महाग विकले, आणि पुढे त्याच खोट्या आकड्याचा आधार घेऊन कॉइल जळाल्याचे मला पटवून दिले. एका खोट्यावर दोनदा पैसे कमावण्याचा हा प्रकार मला सर्वांत संतापजनक वाटतो.

कॉइलचे बिंग फुटले ते सगळ्यात शेवटी. ती बदलायची तर इंजिनाच्या बाजूचे मॅग्नेटचे झाकण उघडावे लागते, आणि ते उघडले की त्याचे पॅकिंग सहसा नवे घालावे लागते. इलेक्ट्रिशियन काकांनी बॅटरीवर टॉर्च धरली होती, ती खाली झाकणाकडे वळवली. झाकण आणि इंजिन जिथे जुळतात त्या फटीवरून केळघरच्या रस्त्याचा लाल चिखल सलग वाळलेला होता, कुठेही तडा नव्हता. स्क्रूच्या खाचांतही तोच जुना कडक चिखल बसलेला होता. त्या स्क्रूंना कोणाचाही पाना किंवा स्क्रूड्रायव्हर लागलेला नव्हता. जी जळकी कॉइल माझ्या हातात दिली, ती दुसऱ्याच कोणाच्या गाडीची होती. चिखल धुण्याआधी मी त्या जोडाचे आणि स्क्रूंचे जवळून फोटो काढले, आणि काकांकडून सगळी मोजमापे तारखेसह कागदावर लिहून, सही करून घेतली.

हे दोन पुरावे आणि यूपीआयने दिलेल्या पैशांच्या नोंदी घेऊन मी दुकानात गेलो. सुरुवातीला आरडाओरडा झाला, मग 'दुसऱ्या मेकॅनिकने गाडीला हात लावला, आता आमची जबाबदारी नाही' असे सांगण्यात आले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे विकलेल्या वस्तूचे किंवा केलेल्या कामाचे बिल न देणे हाही अनुचित व्यापारी प्रथेचा भाग आहे, हे मी तक्रारीत नमूद केले. त्यानंतर कॉइलची पूर्ण रक्कम परत आली. बॅटरी आणि रेक्टिफायरबद्दल मात्र दुकान हात वर करून मोकळे झाले आहे, कारण काढलेल्या जुन्या वस्तू त्यांच्याकडेच राहिल्या आणि त्या चांगल्या होत्या हे दाखवायला माझ्याकडे काही उरले नाही. जुनी बॅटरी बदल्यात देण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि ती योग्यही आहे, परंतु देण्याआधी ती चार्ज करून आपल्यासमोर मोजायला लावावी, आणि रेक्टिफायर, कॉइल, स्विच यांसारखे काढलेले प्रत्येक सामान गाडीसोबत घरी न्यावे. व्होल्टचा आकडा न दाखवता कोणी इलेक्ट्रिकचा भाग बदलायला सांगत असेल, तर गाडी तिथून हलवावी.

लाइट विकताना 'आरटीओची काही अडचण येत नाही' असेही ठामपणे सांगतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर बंधन घालते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनाने ही जबाबदारी त्याच्यावर जात नाही, त्यामुळे आपला लाइट नियमात बसतो की नाही हे आरटीओ कार्यालयातच विचारून घ्यावे.

उरलेल्या रकमेसाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

एक गोष्ट मात्र आयोगाच्या निकालापर्यंत थांबण्यासारखी नाही. माझ्या गाडीत बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेल्या लाइटच्या वायरवर कुठेही फ्यूज नव्हता, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून जाऊन हँडल वळते त्या जागी चासीवर घासत होती. तिचे आवरण निम्मे झिजलेले होते. ते पूर्ण झिजले असते तर शॉर्ट होऊन टाकीखाली आग लागली असती, आणि फ्यूजच नसल्यामुळे वीज तोडणारे मध्ये काहीच नव्हते. ज्यांनी बाहेरून लाइट बसवून घेतले आहेत त्यांनी सीट काढून बॅटरीपासून निघणारी जादा वायर आजच शोधावी. टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत तिच्यावर फ्यूज दिसला नाही, तर ती वायर टर्मिनलवरून सोडवून टाकावी आणि माझ्या लाइटएवढ्या भारासाठी ५ अँपिअरचा फ्यूज घालून मगच पुन्हा जोडून घ्यावी.