शाळेतल्या समुपदेशक मॅडम: दोन वर्षांचा अनुभव, पाचापैकी चार

मी सोलापुरात गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. रिव्ह्यू लिहायची सवय नाही, फार तर कटिंग मशीनच्या ब्लेडबद्दल चार ओळी खरडल्यात. पण पूर्व भागातल्या आमच्या मराठी शाळेत समुपदेशक मॅडम बसतात, हे निम्म्या पालकांना माहीतच नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना वाटतं, वांड पोरांना दम द्यायला ठेवलेल्या बाई. मलाही तसंच वाटायचं. शाळेचं नाव टाकत नाही, पोराला आवडणार नाही.

पोरगा आता आठवीत आहे. सहावीत गेला त्या जूनमध्ये, ऐन सीझनला, रविवारी माझ्याबरोबर कारखान्यात आला होता. मी साईज सांगत होतो, तो पाकिटावरच्या स्टिकरवर लिहीत होता. चार दिवसांनी दुकानदाराचा फोन: "मास्टर, बेचाळीसचं पाकीट फोडलं तर आत पहिलीच्या लेकराचा शर्ट निघालाय की ओ!" चोवीसच्या दोन डझन पाकिटांवर त्यानं 42 लिहिलं होतं. माल परत, गाडीभाडं माझ्या पगारातून. मी पोराला एक ठेवून दिली. हे लिहायला लाज वाटते.

पोराचं लिहिणं-वाचणं अडतंय म्हणून त्याआधीच एका खासगी क्लासवाल्यानं "मेंदूचे व्यायाम, सहा महिन्यांत पोरगं नॉर्मल" म्हणून माझे नऊ हजार घेतले होते. नातेवाइकांचं म्हणणं वेगळंच, घरात तेलुगू बोलता म्हणून मराठी जमत नाही. पण त्याची मोठी बहीण त्याच घरातली, तिला कशी जमते?

वर्गशिक्षिकेनं चिठ्ठी दिली म्हणून मॅडमकडे गेलो. मी प्रगतिपुस्तक पुढे केलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि वह्या मागितल्या. मग सरळ विचारलं, "घरी मारता का?" मी गप्प. त्याही पुढे काही बोलल्या नाहीत. स्टिकरचा किस्सा सांगितला तेव्हा मात्र खुर्ची पुढे ओढून बसल्या. पोराला कोरा कागद दिला, म्हणाल्या, चोवीस लिही. त्यानं आधी चार लिहिला, मग दोन. 42. मग मला म्हणाल्या, "आता तुम्ही तेलुगूत सांगा." मी म्हटलं, "इरवै नालुगु." पोरानं बरोबर 24 लिहिलं.

मी बघतच राहिलो. मॅडमनी कागदावर दाखवलं. तेलुगूत वीस आधी, चार नंतर. मराठीत "चो" आधी, "वीस" नंतर. कानाला चार आधी ऐकू येतो, हात तो आधी लिहितो. दुसरी-तिसरीपर्यंत बरीच पोरं असं करतात आणि त्यातून बाहेर पडतात. हा सहावीत आला तरी तिथंच अडकलेला. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीस-बावीससाठी "वीस एक, वीस दोन" आलं, तेव्हा कारखान्यात चहा पिताना आम्ही पोट धरून हसलो होतो. मीच सगळ्यात जास्त.

पण तेवढ्यावर मॅडम थांबल्या नाहीत. मराठीचा उतारा वाचायला दिला. जोडाक्षर आलं की हा अंदाजानं काहीतरी ठोकून द्यायचा, "प्रश्न"चं "पर्सन", आणि तीन ओळी झाल्या की घाम. तोच उतारा त्यांनी वाचून दाखवला तर अर्थ खडाखड सांगितला. म्हणाल्या, "भाषेचा गुंता वेगळा आणि लेकराची अडचण वेगळी. मी डॉक्टर नाही, शिक्का मी मारणार नाही. तपासणी करून घ्या."

तपासणी म्हटल्यावर घरात रडारड. हातपाय धड असलेल्या पोराला दिव्यांगाचा दाखला? बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मॅडमनी तिला वेगळं बोलावलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात वाचन-लेखन-गणिताची ही अडचण "विशिष्ट अध्ययन अक्षमता" म्हणून येते, हे समजावलं. दाखला वयाची आठ वर्षं झाल्यावरच मिळतो, मग 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी. आमचा 14 व्या वर्षाचा महिना त्यांनी स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलाय, मी विसरेन म्हणून. बुद्धीच्या चाचणीत पोरगा चांगला निघाला. ते ऐकल्यावर बायको जेवली.

सरकारी दवाखान्यात चार खेपा झाल्या. एकदा तज्ज्ञ रजेवर, एकदा झेरॉक्स कमी. चार खेपा म्हणजे चार खाडे. दाखला मॅडमच्या हातात नाही, पण प्रत्येक खेपेला काय काय न्यायचं ते त्या कागदावर लिहून द्यायच्या. तिसऱ्या खेपेला मी तो कागदच घरी विसरलो, तो दोष माझा.

शाळेत काय बदललं? फळ्यावरचं उतरवून घ्यायचं बंद, बाजूच्या मुलीच्या वहीची झेरॉक्स मिळते. मोठ्यानं वाचायला उभं करत नाहीत. इतिहासाची चाचणी तोंडी घेतली तर 20 पैकी 16! शुद्धलेखनाचे गुण कापत नाहीत. शिकवायचं काम मॅडमचं नाही, त्यासाठी विशेष शिक्षक ठरावीक दिवशी येतात. मॅडम सगळ्यांना एका धाग्यात ठेवतात. दहावीला तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे बीजगणिताच्या दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटं. पण ते आपोआप मिळत नाही, बोर्डाकडे आधी कागद जावा लागतो. म्हणून त्या आठवीपासूनच फाईल तयार करताहेत. लेखनिकाचंही बोलणं झालं. पोरानं नको सांगितलं, हळू लिहीन पण मीच लिहीन. मॅडमनी तेच लिहून घेतलं, मला विचारलंसुद्धा नाही. तेव्हा राग आला होता.

वर्गातली पोरं त्याला "उलटा" म्हणायची. वर्गासमोर भाषण दिलं असतं तर पोरगा मेल्याहून मेला असता. मॅडमनी स्नेहसंमेलनाच्या हिशेबात त्याला ठेवलं, आकडे लिहायला दुसरा आणि पैसे मोजायला हा. नोटा मोजण्यात याचा हात कोणी धरत नाही, हप्त्याच्या दिवशी आजीच्या विड्या वळण्याच्या पैशांचा हिशेब लहानपणापासून हाच करतो. "उलटा" पूर्ण थांबलं नाही, पण कमी झालं.

आता एक तारा का कापला ते. मॅडम आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवार आणि शुक्रवार. एवढ्या मोठ्या शाळेला हे म्हणजे गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत एकच पाण्याची टाकी. मंगळवारी काही झालं तर पोरानं शुक्रवारपर्यंत गिळून बसायचं. त्यांची खोली म्हणजे खेळाच्या सामानाची खोली, टेबलामागे लेझीम आणि ढोल. दाराला पडदा, तोही अर्धा. कोण आत गेलं, कोण रडत बाहेर आलं, सगळ्या व्हरांड्याला दिसतं. मनातलं बोलायची जागा अशी असते का?

वर ती खोली पहिल्या मजल्यावर. व्हीलचेअरवर येणारी एक मुलगी आहे, तिच्यासाठी मॅडम खाली लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसतात. एप्रिलच्या सोलापुरी उन्हातसुद्धा. बघायला चांगलं वाटतं, पण खोली खाली आणली तर हे सगळं करावंच लागणार नाही. मी पालकसभेत बोललो, "बघू" असं उत्तर मिळालं. मॅडम या वर्षी कंत्राटावर आहेत, पुढच्या वर्षी असतील का तेही कुणी सांगत नाही. म्हणून फाईलची एक प्रत मी घरी ठेवलीय.

आणखी एक. एका सरांनी अजून ऐकलेलं नाही. "लाड आहेत सगळे" म्हणून त्यांनी परवाच पोराला फळ्यावर पाढा लिहायला उभं केलं. मॅडम त्यांच्याशी बोलल्या, पण त्यांच्या शब्दाला स्टाफरूममध्ये किती वजन आहे ते दिसलंच.

कुणाला जायचं असेल तर शुक्रवारी जा, मंगळवारी गर्दी असते. पैसे लागत नाहीत. प्रगतिपुस्तक नेलं नाही तरी चालेल, वह्या न्या, त्यातही खाडाखोड असलेल्या. आणि घरात तेलुगू, कन्नड, उर्दू जे बोलत असाल ते आधी सांगून टाका.